पोकळीला आकार देणारा

मराठीत एखाद्याचं काम मनापासून आवडलं की आपण त्याला 'भरीव' म्हणतो. नाही आवडलं तर 'पोकळ'. पोकळ बडबड, पोकळ आश्वासनं, बडा घर पोकळ वासा. भाषेचाच कौल इतका उघड असल्यावर पोकळीकडे कौतुकानं पाहणं आपल्याला जड जातं. शिल्पाच्या बाबतीत तर जास्तच. मूर्ती म्हटलं की दगडाचं वजन, धातूचा ऐवज, हात फिरवला तर हाताला लागेल असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं.

पण गणेशोत्सवाच्या आधी एखाद्या कारखान्यात जाऊन साच्यातून काढलेली शाडूची कच्ची मूर्ती खालून पाहावी. आत अंधार असतो, आणि त्या अंधाराच्या भिंतीवर माती साच्यात दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे असतात, एकाला लागून एक. बाहेर सोंड, मुकुट, दागिने. आत कुणाचा तरी अंगठा. चौकातला अश्वारूढ पुतळाही तसाच. ब्राँझ भरीव ओतलं तर थंड होताना ते आकसतं, तडे जातात, वजन आणि खर्च हाताबाहेर जातो. म्हणून काही मिलिमीटर जाडीचं कवच ओततात आणि मोठा पुतळा असेल तर त्याच्या पोटात पोलादाचा सांगाडा उभा करतात. म्हणजे शिल्पाला पोकळी नवी नाही. शिल्पकार ती हजारो वर्षं झाकत आले, एवढंच.

अनिश कपूर यांनी ती उघडी केली. आज ते जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शिल्पकारांपैकी एक आहेत, आणि त्यांची कीर्ती दोन गोष्टींवर उभी आहे असं दिसतं: शिल्पांचा अवाढव्य आकार, आणि काळ्या रंगावरून झालेलं भांडण. दोन्ही खरं आहे. पण चाळीसहून अधिक वर्षं हा माणूस एकाच गोष्टीमागे लागला आहे, आणि ती गोष्ट म्हणजे रिकामी जागा. तिला आकार कसा द्यायचा, ती डोळ्यांना कशी दाखवायची, तिच्यापुढे उभं राहिलेल्याच्या पोटात गोळा कसा येईल, हाच त्यांचा ध्यास आहे.

१२ मार्च १९५४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील पंजाबी हिंदू, भारतीय नौदलात जलसर्वेक्षणाच्या कामात. समुद्राची खोली मोजायची आणि तिचे नकाशे करायचे, हा त्या घरातला व्यवसाय होता. पुढे मुलानं जे केलं ते पाहता हा तपशील मला फार बोलका वाटतो. आई बगदादी ज्यू. अवघ्या काही महिन्यांची असताना तिचं कुटुंब बगदादहून इकडे आलं, आणि तिचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे मुख्य गायक होते. पुणेकर ज्याला 'लाल देऊळ' म्हणतात तो कँपातला ओहेल डेव्हिड सिनेगॉग याच बगदादी समाजातल्या डेव्हिड ससून यांनी बांधवलेला. मुंबई-पुण्याच्या या ज्यू समाजाची वस्ती आता विरळ झाली आहे. कपूर यांच्या घराण्याचा एक धागा त्या जुन्या वस्तीत आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.

शिक्षण डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये झालं. १९७१ मध्ये ते एका भावाबरोबर इस्राएलला गेले, किबुत्झवर, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहतीत, राहिले. तिथं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला नाव घातलं आणि सहा महिन्यांत सोडलं, कारण गणित जमेना. कलाकार व्हायचं हे तिथंच ठरलं. १९७३ मध्ये लंडन, आधी हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्ट, मग चेल्सी. रुमानियातून आलेले पॉल नेआगू हे शिक्षक तिथं भेटले, आणि वस्तू बनवण्यापेक्षा तिच्यामागचा अर्थ शोधायला त्यांनी शिकवलं, असं कपूर मानतात.

मग १९७९ मध्ये ते भारतात आले. ही भेट निर्णायक ठरली. देवळांबाहेरच्या दुकानांत रंगाच्या पुडीचे ढीग असतात, ते त्यांनी पाहिले. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पंढरपूरच्या गल्लीतून जाताना कुंकू, बुक्का, गुलाल, अष्टगंध यांचे टोकदार शंकू डोळ्यांखालून रोज जातात. पण क्षणभर थांबून पाहिलं तर ती शिल्पंच आहेत. दुकानदार पितळी पत्र्यानं उतार सारखा करत करत टोक काढतो. कड इतकी रेखीव की सुरीनं कापल्यासारखी, आणि तरी बोट लावलं तर सगळं ढासळेल. त्यात दगडाचा टिकाऊपणा नाही. आतून धरून ठेवणारं काही नाही. नुसता रंग आकार घेऊन उभा आहे.

लंडनला परतल्यावर कपूर यांनी अगदी साध्या आकारांवर, म्हणजे शंकू, अर्धगोल, पायऱ्या, डोंगराचे सुळके यांवर, कोरडी रंगाची पूड चाळायला सुरुवात केली. लाल, पिवळा, पांढरा, निळा. पूड खाली जमिनीवरही पसरायची आणि वस्तूभोवती तिचं मऊसर कडं तयार व्हायचं. त्यामुळे वस्तू जमिनीवर ठेवलेली न वाटता जमिनीतून वर आल्यासारखी वाटायची, हिमनगासारखी: दिसतंय ते थोडं, उरलेलं खाली. या मालिकेचं नाव 'वन थाउजंड नेम्स', हजार नावं. विष्णुसहस्रनाम कानावर पडत मोठ्या झालेल्या माणसाला ते नाव समजावून सांगावं लागत नाही.

कोरडी पूडच का, याचं उत्तर प्रकाशात आहे. तेलरंग किंवा घासलेला संगमरवर चकाकतो. त्या चकाकीच्या ठिपक्यावरून डोळा ओळखतो की इथं पृष्ठभाग आहे, इथून तो वळला. पुडीचे कण प्रकाश चहूकडे विखुरतात, ठिपका कुठंच पडत नाही. मग पृष्ठभाग जणू विरघळतो आणि लाल वस्तू दिसण्याऐवजी नुसता लाल दिसतो. वर्षाकाठी गुलाल उधळणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अनुभव अंगावरचा आहे. कपूर यांनी तो पाश्चात्त्य कलादालनाच्या पांढऱ्या जमिनीवर नेऊन ठेवला. तरीही 'भारतीय कलाकार' या एकाच खणात आपल्याला बसवलेलं त्यांना पसंत नाही, आणि ते बरोबरच आहे. देवळाबाहेरचा ढीग पाहिला म्हणून शिल्प होत नाही. त्या ढिगाला पुढे कुठं न्यायचं हे ज्याला कळलं, शिल्प त्याचं.

पुढचं पाऊल खरं धाडसाचं. ऐंशीच्या दशकात रंग वस्तूवरून उठला आणि तिच्या आत गेला. 'व्हॉइड फील्ड' हे १९८९ चं शिल्प घ्या. खाणीतून काढलेले खडबडीत वालुकाश्माचे मोठाले चिरे जमिनीवर मांडलेले, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक लहानसं काळं वर्तुळ. जवळ गेलं की कळतं, ते वर्तुळ म्हणजे भोक आहे. आतून चिरा कोरून काढलाय आणि आतल्या भिंतीवर गडद रंग लावलाय. इतका जड दगड, आणि त्याच्या पोटात रात्र. १९९० च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनच्या वतीनं कपूर यांचं काम मांडलं गेलं, त्यात हेही होतं. तिथं त्यांना तरुण कलाकारासाठीचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, ब्रिटनमधला मानाचा टर्नर पुरस्कार.

खोली ओळखायला डोळ्याला सावली लागते. कढईचा तळ खोल आहे हे कळतं ते तिच्या कडेकडून तळाकडे उजेड हळूहळू कमी होत जातो म्हणून. आतला रंग इतका गडद केला की हा उतरता उजेडच पुसला गेला, तर डोळा गोंधळतो. समोरची खोलगट वाटी कधी सपाट चकतीसारखी दिसते, कधी अथांग. पाहणारा माणूस नकळत मान तिरकी करतो, पुढे वाकतो, हात पुढे करतो. जुन्या देवळात उन्हातून आत गेल्यावर असंच होतं. सभामंडप ओलांडून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. आत किती जागा आहे ते कळत नाही, पाय आपोआप थबकतो. समईची ज्योत दिसायला लागते ती नंतर. त्या न दिसण्याच्या क्षणांतच मन गप्प होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. कपूर यांच्या शिल्पात समई नाही, मूर्तीही नाही. तो थबकलेला क्षण तेवढा त्यांनी उचलला आहे.

१९९२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनासाठी त्यांनी 'डिसेंट इन्टू लिम्बो' केलं: चौकोनी खोली, तिच्या जमिनीत गोल खड्डा, आतून मिट्ट काळा. वरून पाहणाऱ्याला वाटतं की जमिनीवर काळा गालिचा अंथरला आहे, किंवा गोल रंगवला आहे. हेच शिल्प २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो इथल्या सेराल्व्हेस संग्रहालयात असताना एक प्रेक्षक त्यात पडला. खड्डा साधारण अडीच मीटर खोल. त्याला रुग्णालयात न्यावं लागलं, सुदैवानं तो बरा झाला.

१९९२ चंच दुसरं एक शिल्प माझ्या मते त्यांचं सर्वांत हळुवार काम आहे. 'व्हेन आय अ‍ॅम प्रेग्नंट'. पांढऱ्या भिंतीला आलेला पांढरा फुगवटा. समोर उभं राहिलं तर काहीच नाही, कोरी भिंत. बाजूला दोन पावलं सरकलं की भिंतीचं पोट दिसतं. ना रंग, ना खड्डा, ना आकाराचा दरारा. गरोदरपणाचे पहिले महिने घरातल्या माणसांना जसे दिसत नाहीत आणि मग एक दिवस एका कोनातून दिसतात, तसं.

अंधारानंतर आरसा. वरवर पाहता हे उलट टोक, पण प्रश्न तोच. स्टीलचा डाव हातात घेऊन त्याच्या खोलगट बाजूत पाहिलं तर आपला चेहरा उलटा दिसतो, हे प्रत्येक घरातल्या मुलानं करून पाहिलेलं असतं. अंतर्वक्र आरशात प्रतिमा आरशाच्या मागे न राहता पुढे, हवेत तयार होऊ शकते. म्हणजे ज्या पोकळीत काही नाही तिथंच आपण डोकं खाली पाय वर करून उभे. कपूर यांनी हा डाव काही मीटर रुंदीचा केला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथं २००१ मध्ये बसवलेला 'स्काय मिरर' आभाळाकडे तोंड करून उभा आहे आणि दिवसभर ढग खाली उतरवून आणतो.

आणि शिकागोचं 'क्लाउड गेट'. राजम्याच्या दाण्यासारखा आकार, म्हणून लोक त्याला 'द बीन' म्हणतात. ते नाव कपूर यांना सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. २० मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच, वजन सुमारे १०० टन. पण आकड्यांपेक्षा त्याची त्वचा समजून घेण्यासारखी आहे. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे, प्रत्येक सुमारे १० मिलिमीटर जाड, हवा तसा बाक देऊन घडवलेले. ते जागेवर आणून जोडले, वेल्ड केले, आणि मग खरं काम सुरू झालं: जोड नाहीसे करण्याचं. ज्या बागेत ते उभं आहे ती २००४ मध्ये खुली झाली तेव्हा शिल्पावर शिवणी स्पष्ट दिसत होत्या. पुढच्या वर्षी त्यावर तंबू घातला आणि टप्प्याटप्प्यानं घासकाम झालं. आधी वेल्डचा उंचवटा खरवडायचा, मग अधिकाधिक बारीक घासपट्ट्या, शेवटी आरशासारखी चकाकी. पाच टप्पे. १५ मे २००६ रोजी रीतसर लोकार्पण झालं. सुरुवातीचा अंदाज ६० लाख डॉलरचा होता, शेवटचा आकडा २ कोटी ३० लाखांवर गेला.

आत सांगाडा आहे, पण बांधकामाच्या वेळी त्वचेला धरून ठेवणारे तात्पुरते जोड नंतर सोडवले, कारण शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत पोलाद आकसतं आणि उन्हाळ्यात पसरतं. ते जखडून ठेवलं असतं तर पत्र्याला पोचे आले असते, आणि आरशावरचा केसाएवढा पोचाही लांबून दिसतो. खालचा माणसाच्या उंचीएवढा भाग दिवसातून दोनदा हातानं पुसतात, कारण हजारो हात त्याला लागतात. वर्षातून दोनदा सगळं शिल्प साबणानं धुतात, त्याला दीडशे लिटर द्रव साबण लागतो.

हात लावून, हसून, फोटो काढून झाल्यावर लोक त्याच्या कमानीखाली जातात. तिथं शिल्पाच्या पोटात वर जाणारी एक खळगी आहे. कपूर तिला 'ऑम्फॅलॉस' म्हणतात, ग्रीकमध्ये बेंबी. जमिनीपासून आठ मीटरहून उंच. तिच्यात पाहिलं की खाली उभी असलेली सगळी माणसं ताणलेली, दुमडलेली, एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि त्यांतला आपण कोण ते शोधावं लागतं. बाहेरच्या बाजूला सबंध शहर आणि आभाळ. आत हा गाभारा. शिकागोची माणसं रोज त्या बेंबीखाली जाऊन वर मान करतात.

मोठं करण्याच्या या हौसेवर टीका होते. लंडनच्या ऑलिंपिक उद्यानातला ११४.५ मीटर उंचीचा लालभडक 'ऑर्बिट' मनोरा मलाही भावत नाही. लोखंडाची ती गुंतवळ लांबून पाहावी आणि पुढे जावं. पण 'ऑर्बिट'च्याच अभियंत्यासोबत, म्हणजे श्रीलंकेत जन्मलेल्या सेसिल बालमंड यांच्यासोबत, २००२ मध्ये टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये केलेलं 'मार्सियस' हे वेगळंच होतं. पोलादाची तीन कडी आणि त्यांवर ताणलेलं रक्तरंगी पीव्हीसी कापड, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवाशी संगीतात स्पर्धा केली म्हणून जिवंत सोलल्या गेलेल्या मार्सियसची ग्रीक कथा त्या नावामागे आहे. ते एका नजरेत मावत नव्हतं, कुठंही उभं राहिलं तरी तुकडाच दिसायचा. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांनी ते पाहून पियानो आणि वाद्यवृंदासाठी 'लामेंटाटे' रचलं. २०१३ मध्ये जपानमध्ये, त्सुनामीनं उद्ध्वस्त झालेल्या भागात, वास्तुकार अराता इसोझाकी यांच्यासोबत कपूर यांनी हवेनं फुगणारं जांभळं संगीतगृह उभारलं, पाचशे माणसांचं. घडी घालून दुसरीकडे नेता येणारी पोकळी, आणि तिच्या आत गाणं.

मग मेण. 'स्वयंभ' हे नाव पाहून मराठी वाचकाला लगेच स्वयंभू आठवावं. संस्कृत तेच आहे. आपण स्वयंभू म्हणतो ते कुणी घडवलेलं नसतं, आपोआप प्रकटलेलं असतं, शेंदराचे थर चढत चढत ज्याचं रूप बदलतं असं. कपूर यांचं 'स्वयंभ' म्हणजे लाल मेण आणि व्हॅसलिन यांचा टनावारी ठोकळा, रुळांवरून इतका हळू सरकणारा की हालचाल कळू नये. वाटेतल्या दारांपेक्षा तो जरासा मोठा. प्रत्येक दारातून जाताना चौकट त्याला खरवडते, लाल लगदा चौकटीवर राहतो आणि ठोकळ्याला दाराचा आकार येतो. छिन्नी कुणाच्याच हातात नाही. रिकामं दारच शिल्पकार. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते दालनांमधून सरकत होतं. त्याच प्रदर्शनात तोफेतून मेणाचे गोळे कोपऱ्यावर डागणारं 'शूटिंग इन्टू द कॉर्नर' होतं. ते २०१० मध्ये मुंबईतही आलं, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. त्याच सुमारास दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही त्यांचं काम लागलं. भारतातलं हे त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन. मुंबईच्या मुलाला आपल्या गावात काम दाखवायला छप्पन्न वर्षं लागली, याची खंत वाटायला हवी.

आता काळ्या रंगाचं भांडण. 'व्हँटाब्लॅक' हा नेहमीच्या अर्थानं रंग नाही. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या एखाद्या पृष्ठभागावर उभ्या उगवतात, दाट उसाच्या फडासारख्या. आत शिरलेला उजेड नळीवरून नळीवर आपटत राहतो आणि बाहेर येऊ शकत नाही, ९९.९६ टक्के प्रकाश तिथंच संपतो. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर हा थर चढवला की एकही सुरकुती दिसत नाही. सावलीशी तीस वर्षं झगडलेल्या शिल्पकाराला याचं वेड लागलं यात आश्चर्य नाही. पण २०१६ मध्ये कलेत तो वापरण्याचा हक्क त्यांनी ब्रिटिश कंपनीकडून एकट्यासाठी घेतला आणि जगभरचे कलाकार संतापले. स्टुअर्ट सेम्पल या ब्रिटिश कलाकारानं झगझगीत गुलाबी पूड बनवून अनिश कपूर सोडून सर्वांना विकायला काढली. कपूर यांनी ती मिळवली आणि तिच्यात बुडवलेलं मधलं बोट इन्स्टाग्रामवर दाखवलं. इथं मी त्यांच्या बाजूनं उभा राहू शकत नाही. देवळाबाहेरच्या दुकानात कुणालाही चिमूटभर मिळणाऱ्या कुंकवापासून ज्याचं शिल्प सुरू झालं, त्यानं एका काळोखाला कुलूप लावावं हे मनाला लागतं.

त्याच माणसाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०१५ मध्ये व्हर्सायच्या बागेत ठेवलेल्या त्यांच्या 'डर्टी कॉर्नर'वर ज्यूद्वेषी मजकूर फासला गेला. तो पुसू नये, द्वेष लोकांना दिसू द्यावा, असं त्यांनी ठरवलं. न्यायालयानं झाकायला सांगितलं तेव्हा त्यांनी त्यावर सोन्याचा वर्ख चढवला. त्याच वर्षी चिनी कलाकार आय वेवे यांच्यासोबत खांद्यावर घोंगडी घेऊन ते निर्वासितांसाठी लंडनच्या रस्त्यांवरून चालले. २०१७ चा दहा लाख डॉलरचा जेनेसिस पुरस्कार मिळाला तो त्यांनी निर्वासितांच्या मदतीलाच देऊ केला. पद्मभूषण २०१२ चं, ब्रिटनचा 'सर' २०१३ चा.

या सगळ्यात घडवणारे हात कुणाचे, हा प्रश्न उरतो. क्लाउड गेटच्या शिवणी कपूर यांनी घासलेल्या नाहीत. वेल्डर, पॉलिश करणारे, अभियंते, शिवणकाम करणारे यांच्याशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं, आणि शाडूच्या मूर्तीतले ते अंगठ्याचे ठसे इथं शोधूनही सापडणार नाहीत, कारण ते पुसून टाकणं हेच तर काम होतं.

शेवटी एक रोजच्या वापरातली पोकळी. इटलीतल्या नेपल्स शहरातल्या मोन्ते सान्तान्जेलो मेट्रो स्थानकाचं काम त्यांनी २००३ मध्ये हाती घेतलं. ते २०२५ मध्ये खुलं झालं. व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या त्या शहरात विद्यापीठाकडचं प्रवेशद्वार म्हणजे गंजाच्या रंगाचं पोलादी तोंड, जमिनीतून सुजून वर आल्यासारखं. दुसऱ्या बाजूचं गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचं, नळीसारखं. इथं वाकून पाहायला, तर्क करायला कुणाला वेळ नसतो. दप्तर पाठीला लावलेली पोरं सरकत्या जिन्यावर पाय ठेवतात आणि त्या तोंडातून खाली, गाडी पकडायला जातात.